उसना ड्रायव्हर लोड होतो, पण चालत नाही: तपास कुठून सुरू करायचा

लिनक्ससाठी लिहिलेला ड्रायव्हर फ्रीबीएसडीवर आणायचा, फ्रीबीएसडीचा हायकूवर, नेटबीएसडीचा हर्डवर: ड्रायव्हर म्हणजे उपकरण चालवणारा कोड, आणि ही सगळी ऑपरेटिंग सिस्टिमची नावं. हे काम मी बरीच वर्षं करतो आहे आणि मदत मागायला येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. ‘कंपाइल झाला, लोडही झाला, उपकरण यादीत दिसतं, पण काम करत नाही.’ नाहीतर, ‘दोन तास सुरळीत चाललं आणि मग अख्खं यंत्र गोठलं.’ मी स्वतः या बिघाडात इतक्यांदा अडकलो आहे की तपासण्यांचा क्रम आता ठरूनच गेला आहे. तो इथे लिहितो.

सगळ्यात आधी एक विनंती. अशा वेळी पहिला हात ड्रायव्हरच्या कोडला लावावासा वाटतो. तसं करू नका. तो कोड त्याच्या मूळ कर्नलवर (सिस्टिमच्या गाभ्यावर) असंख्य यंत्रांवर चालून घासून निघालेला असतो. चूक बहुधा मधल्या थरात असते, म्हणजे ड्रायव्हर आणि नवा कर्नल यांच्यात दुभाष्याचं काम करणाऱ्या कोडात. मूळ कर्नलमधल्या फंक्शनचं नाव त्या थरात असतं, पण नावामागचं वचन पाळलेलं नसतं. आर्ग्युमेंट किती, परत काय येणार, हे हेडर फाइलमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून कंपायलर ते तपासू शकतो. ‘हे फंक्शन झोपणार नाही’ (म्हणजे वाट पाहत थांबणार नाही), ‘ही मेमरी भौतिक पत्त्यांवर सलग असेल’, ‘हे लॉक हातात असताना इंटरप्ट (उपकरणाची मध्येच येणारी हाक) येणार नाही’ या गोष्टी कंपायलरला दिसत नाहीत. उसना ड्रायव्हर अडतो तो इथेच.

थर प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. फ्रीबीएसडीत लिनक्सकेपीआय, जेनोडमध्ये डीडीई, हायकूत फ्रीबीएसडीच्या ड्रायव्हरांसाठीचा सुसंगतता थर, ओपनझेडएफएस या फाइल सिस्टिमच्या लिनक्स बाजूला एसपीएल म्हणजे सोलारिस पोर्टिंग लेयर. कल्पनाही नवी नाही. यूटा विद्यापीठातल्या ओएसकिट या प्रकल्पाने १९९७ सालीच लिनक्स आणि फ्रीबीएसडीचे ड्रायव्हर गोंद-कोड लावून जवळपास जसेच्या तसे वापरून दाखवले होते. थर कुठलाही असो, बिघाडाची जात तीच राहते. माझं जास्त काम लिनक्सकडून फ्रीबीएसडीकडे होतं, म्हणून उदाहरणं तिथली जास्त येतील.

लक्षणं

यातलं एक जरी जुळत असेल तर पुढचा क्रम तुमच्यासाठी आहे:

- मॉड्यूल लोड होतं, पण उपकरणाला चिकटत नाही. लॉगमध्ये एकही ओळ नाही.
- लोड करतानाच नकार येतो: कर्नलवर अवलंबून आहे, पण आवृत्ती जुळत नाही.
- उपकरण सुरू होतं, पहिलीच आज्ञा ‘टाइमआउट’ होते.
- हलक्या वापरात ठीक, भार पडला की तासाभरात गोठतं किंवा पॅनिक होतं (कर्नल स्वतःच काम थांबवतो). पॅनिकची जागा दर वेळी वेगळी.
- ४ जीबी मेमरीच्या यंत्रावर चालतं, १६ जीबीच्या यंत्रावर डेटा बिघडतो.
- एक्स८६ वर चालतं, एआरएम६४ वर नाही.
- वापरकर्त्याचा प्रोग्राम १०० टक्के सीपीयू खात बसतो आणि मारला तरी मरत नाही.
- झोपवलेलं यंत्र जागं झालं की उपकरण हरवलेलं असतं.

पॅनिकची जागा दर वेळी बदलत असेल तर ते लक्षण विशेष गांभीर्याने घ्या. तेव्हा मेमरी कुठेतरी भलतीकडेच खराब होत असते आणि पॅनिक झालेली जागा निव्वळ बळी असते. त्या जागेचा कोड वाचण्यात मी एकदा चार दिवस घालवले आहेत. तिथे काहीच सापडणार नव्हतं.

कामाला बसण्याआधी

ज्या यंत्रातला डेटा गेला तरी चालेल असंच यंत्र घ्या. सिरियल कन्सोल जोडा किंवा निदान क्रॅश डंपसाठी जागा राखून ठेवा. गोठलेल्या पडद्याकडे पाहून काहीही कळत नाही. आणि ज्या डिस्कवर सिस्टिम आहे तिचाच ड्रायव्हर तुम्ही तपासत असाल, तर लॉग दुसऱ्या यंत्रावर पाठवायची सोय पहिल्यांदा करा.

१. हार्डवेअर त्याच्या मूळ सिस्टिमवर चालतं का?

पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू करा आणि तेच उपकरण तासभर राबवा. फुकटची तपासणी आहे, तरी निम्मे लोक ती गाळतात. तिथेही टाइमआउट येत असतील तर दोष कार्डात, स्लॉटमध्ये किंवा बायोसमध्ये आहे आणि पुढचं काही करण्यात अर्थ नाही.

चाललं तर लगेच बंद करू नका. व्हेंडर आणि डिव्हाइस क्रमांक, सबसिस्टिम क्रमांक, फर्मवेअरची (उपकरणाच्या आत चालणाऱ्या कोडची) आवृत्ती, इंटरप्ट एमएसआय आहे की एमएसआय-एक्स (दोन्ही संदेशाने येणारे प्रकार) की जुनी सामायिक रेषा, आणि ड्रायव्हरने सुरू होताना लिहिलेला पूर्ण लॉग, एवढं टिपून ठेवा. पुढे प्रत्येक पायरीवर ‘तिकडे काय होतं?’ हा प्रश्न येणार आहे आणि त्याचं उत्तर याच कागदावर मिळेल. उपकरणाला काहीच चिकटत नाही या लक्षणाचा उलगडा बहुतेक वेळा इथेच होतो: त्या कार्डाचा सबसिस्टिम क्रमांक आणलेल्या ड्रायव्हरच्या यादीतच नसतो.

२. तिन्ही आवृत्त्या एकमेकींच्या ओळखीच्या आहेत का?

ड्रायव्हर, थर आणि यजमान कर्नल (ज्यावर ड्रायव्हर आणला तो), या तिन्हींची जोडी एकाच वेळची हवी. लिनक्स कर्नलच्या आतल्या इंटरफेसला स्थैर्य नाही, आणि हा हलगर्जीपणा नाही, जाहीर धोरण आहे. कर्नलच्या दस्तऐवजात ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी ते सविस्तर मांडलं आहे. त्यामुळे वरवर किरकोळ दिसणारे बदल सतत होत राहतात. ५.० मध्ये ‘अ‍ॅक्सेस-ओके’चं एक आर्ग्युमेंट गेलं, ५.६ मध्ये ‘आयओरीमॅप-नोकॅश’ काढून टाकलं, ६.१ मध्ये ‘नेटइफ-नापी-अ‍ॅड’मधून वजनाचा आकडा गेला, ६.४ मध्ये ‘क्लास-क्रिएट’चा मालक गेला. असे बदल कंपायलर पकडतो, तेव्हा त्यांची भीती नाही. आर्ग्युमेंटं तीच राहून अर्थ बदलला की मात्र कंपायलर गप्प राहतो.

म्हणून थराने कुठल्या लिनक्स आवृत्तीची बोली धरली आहे ते पाहा आणि ड्रायव्हर त्याच आवृत्तीचा घ्या. ‘नवा असेल तर चांगला असेल’ हा हिशोब इथे चालत नाही. फ्रीबीएसडीवर ग्राफिक्सचे ड्रायव्हर डीआरएम-केमॉड या वेगळ्या पोर्टमधून येतात. यजमान कर्नलची आवृत्ती बदलली की ते मॉड्यूल त्या कर्नलवर पुन्हा बांधून घ्या. आवृत्ती न जुळण्याच्या तक्रारींतल्या बहुतेक एवढ्यानेच मिटतात.

३. फर्मवेअर सापडतंय का, आणि योग्य वेळी?

लिनक्सचा ड्रायव्हर ‘/लिब/फर्मवेअर’ या डिरेक्टरीच्या भरवशावर असतो. यजमानाची जागा वेगळी असू शकते. फ्रीबीएसडीत फर्मवेअर मॉड्यूल म्हणून येतं किंवा ‘/बूट/फर्मवेअर’मध्ये ठेवलं जातं, आणि १४ पासून ‘एफडब्ल्यूगेट’ हे साधन उपकरण ओळखून योग्य पॅकेज बसवतं.

दोन खाचा सांगून ठेवतो. पहिली: लिनक्स ५.३ पासून एक्सझेड आणि ५.१९ पासून झेडएसटीडी पद्धतीने दाबलेल्या फर्मवेअर फाइल वाचू शकतो, त्यामुळे वितरणातून उचललेली फाइल दाबलेली असण्याची शक्यता मोठी. थराला ती उलगडता येत नसेल तर तो ‘फाइल नाही’ म्हणेल किंवा कचरा उपकरणात भरेल. दुसरी: ड्रायव्हर बूट लोडरमधून फार लवकर लोड केला तर मूळ फाइल सिस्टिम अजून जोडलेलीच नसते. ग्राफिक्सचं मॉड्यूल ‘लोडर.कॉन्फ’मध्ये न घालता ‘आरसी.कॉन्फ’मधल्या ‘केएलडी-लिस्ट’मध्ये घाला असं जे सांगितलं जातं, त्यामागे हे एक कारण आहे.

४. त्रुटीचे आकडे नीट वाचा

ही तपासणी मला सगळ्यात आवडते, कारण पाच मिनिटांत खूप काही सांगून जाते. लिनक्स कर्नलमध्ये त्रुटी ऋण आकड्याने परत येते, बीएसडीत धन आकड्याने. शिवाय आकडेही वेगळे आहेत. लिनक्सवर ११ म्हणजे ‘पुन्हा प्रयत्न करा’. फ्रीबीएसडीवर ११ म्हणजे डेडलॉक, आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ ३५ वर. टाइमआउट लिनक्सवर ११०, फ्रीबीएसडीवर ६०. लॉगमध्ये ‘त्रुटी ११’ दिसली की ती कुठल्या बोलीतली आहे हे आधी ठरवा. डेडलॉक शोधायला निघालेला माणूस दोन आठवड्यांनी परत येतो आणि उपकरण फक्त ‘थोड्या वेळाने ये’ म्हणत असतं.

चिन्ह उलटायचं राहिलं तर याहून वाईट घडतं. लिनक्समध्ये ‘परवानगी नाही’ म्हणजे उणे १. फ्रीबीएसडी कर्नलच्या आत उणे १ चा अर्थ आहे ‘हा सिस्टिम कॉल पुन्हा सुरू कर’. ड्रायव्हर नकार देतो, कर्नल परत विचारतो, ड्रायव्हर पुन्हा नकार देतो, आणि हे अखंड चालतं. १०० टक्के सीपीयू खाणाऱ्या, न मरणाऱ्या प्रोग्रामचं कोडं मी तीन वेगवेगळ्या ड्रायव्हरांत सोडवलं. तिन्ही ठिकाणी कारण हेच निघालं.

आयओसीटीएलचं, म्हणजे प्रोग्रामने ड्रायव्हरला द्यायच्या आज्ञांचंही असंच आहे. आज्ञेच्या आकड्यात वाचन आणि लेखनाची दिशा सांगणारे दोन वरचे बिट एक्स८६ आणि एआरएमवरच्या लिनक्समध्ये आणि बीएसडीत नेमके उलटे आहेत. आकार सांगणारे बिट लिनक्समध्ये १४, बीएसडीत १३. कर्नलची बाजू बीएसडीच्या हेडरने आणि वापरकर्त्याचा प्रोग्राम लिनक्सच्या हेडरने कंपाइल झाला असेल, तर दोघं एकमेकांना कधीच भेटणार नाहीत.

५. बूटच्या वेळचे तीन प्रयोग

इथे एक ओळही लिहावी लागत नाही, तीनदा रीबूट करावं लागतं. नावं फ्रीबीएसडीची आहेत. इतरत्र तशाच सोयी शोधा.

पहिला प्रयोग, मेमरी ३ जीबीपुरती मर्यादित करा (‘एचडब्ल्यू.फिजमेम’). बिघाड गेला तर उपकरणाला ४ जीबीच्या वरचे पत्ते पोचत नाहीत आणि थर डीएमएची (उपकरणाने मेमरी थेट वाचण्या-लिहिण्याची) मर्यादा पाळत नाही. ३ च का? कारण पीसीआय उपकरणांच्या जागेसाठी काही रॅम ४ जीबीच्या वर ढकलली जाते. ‘४’ लिहिलं तर प्रयोग फसू शकतो.

दुसरा, एकच सीपीयू चालू ठेवा (‘केर्न.एसएमपी.डिसेबल्ड’). गेला तर शर्यत आहे, म्हणजे दोन सीपीयू एकाच डेटाला एकदम हात घालतात: लॉक, आरसीयू (कुणी वाचत असेपर्यंत जुनी मेमरी राखून ठेवणारी यंत्रणा) किंवा मेमरीतल्या क्रमाचा गोंधळ.

तिसरा, एमएसआय आणि एमएसआय-एक्स बंद करा (‘एचडब्ल्यू.पीसीआय’खालच्या दोन किल्ल्या). गेला तर इंटरप्टची मांडणी पाहायची.

तिन्ही प्रयोगांत बिघाड तसाच राहिला तर तेही कामाचं उत्तर आहे. मग पुढची पायरी जवळजवळ नक्की फळते.

६. रिकामी फंक्शनं

थर लिहिणारा माणूस घाईत असतो. ड्रायव्हर हजारभर फंक्शनं मागतो, त्यातली बरीच या उपकरणासाठी कधी बोलावलीच जात नाहीत. म्हणून तो रिकामी फंक्शनं लिहितो, शून्य परत करतो, म्हणजे ‘सगळं ठीक’. लिंकर समाधानी होतो. मग एके दिवशी नव्या आवृत्तीतला ड्रायव्हर त्यातलं एक खरोखर बोलावतो.

थरातलं प्रत्येक रिकामं फंक्शन शोधा आणि त्यात आवाज करणारी ओळ घाला. जेनोडच्या मंडळींची पद्धत मला सगळ्यात पटते: आपोआप बनवलेलं रिकामं फंक्शन बोलावलं गेलं की ते आपलं नाव छापतं आणि काम तिथेच थांबवतं. तुम्ही ते खरोखर लिहा किंवा विचार करून ‘इथे काही न करणं चालेल’ असं ठरवा. खोटं ‘ठीक आहे’ मात्र कुठेही राहता कामा नये. हा बदल मी हल्ली कुठलाही ड्रायव्हर आणताना पहिल्याच दिवशी करतो.

विशेष लक्ष द्या आरसीयूकडे. ‘आरसीयू-रीड-लॉक’ रिकामं आणि ‘सिंक्रोनाइझ-आरसीयू’ लगेच परतणारं असेल, तर कुणीतरी वाचत असलेली मेमरी मोकळी होते. भार कमी असताना हे कधीच दिसत नाही. लिनक्सकेपीआयमध्ये यासाठी यजमानाची याच कामाची इपॉक यंत्रणा वापरली आहे. स्वतःचा थर लिहिणाऱ्यांनी ती फाइल वाचावी.

७. तपासणीचा कर्नल

आता चुका पकडणारे पर्याय चालू करून कर्नल नव्याने बांधावा लागेल. फ्रीबीएसडीवर ‘इन्व्हेरियंट्स’ आणि ‘विटनेस’, नेटबीएसडीवर ‘लॉकडीबग’, यजमान लिनक्स असेल तर ‘लॉकडेप’. मेमरीवर संशय असेल तर केसॅन. यंत्र हळू होईल, होऊ द्या.

विटनेस लॉकवर नजर ठेवतं आणि बहुतेक वेळा एकच तक्रार करतं: न झोपणारं लॉक हातात असताना कुणीतरी झोपायला निघालं आहे. कारण मजेशीर नाही, पण समजण्याजोगं आहे. लिनक्सचा स्पिनलॉक (न झोपता वाट पाहणारं लॉक) लिनक्सकेपीआयमध्ये साध्या म्यूटेक्सवर बसवला आहे, आणि ‘स्पिन-लॉक-आयआरक्यूसेव्ह’ तिथे इंटरप्ट बंद करतच नाही. फ्रीबीएसडीत इंटरप्टचं काम सहसा स्वतंत्र थ्रेडमध्ये चालतं, म्हणून हे खपतं. पण कुणी वेगासाठी इंटरप्टचं काम थ्रेडमधून उचलून थेट फिल्टरमध्ये (इंटरप्ट आल्या क्षणीच चालणाऱ्या कोडात) घातलं, की ते वचन मोडलं. अशी ‘सुधारणा’ ज्या बदलात दिसेल तो बदल आधी मागे घ्या, मग पुढचं पाहा.

८. कामांच्या रांगा

‘दोन तास चालतं आणि गोठतं’ या तक्रारीत सर्वात जास्त वेळा मला इथेच दोष सापडला आहे, म्हणून जरा सविस्तर.

लिनक्सचा ड्रायव्हर लांबणीवर टाकलेली कामं वर्कक्यूत ढकलतो. काम ‘अ’ सुरू असताना ते काम ‘ब’ पूर्ण व्हायची वाट पाहू शकतं. लिनक्समध्ये हे चालतं, कारण २.६.३६ पासून वर्कक्यू स्वतः लक्ष ठेवतो: एक कामगार थ्रेड झोपला की दुसरा उठवतो. थरात मात्र साधेपणासाठी एकाच थ्रेडची रांग लिहिलेली असते. ‘अ’ त्या थ्रेडवर बसून ‘ब’ची वाट पाहतं, ‘ब’ रांगेत ‘अ’च्या मागे उभं. कायमचं.

हे रोज घडत नाही, कारण ‘अ’ आणि ‘ब’ एकाच वेळी रांगेत यावे लागतात. वायरलेस कार्डात ते फर्मवेअर कोसळून पुन्हा सुरू होताना घडतं, नेटवर्क कार्डात जोडणी तुटून परत येताना. मी पाहिलेल्या एका प्रकरणात केबल काढून दहा सेकंदांनी लावली की बिघाड हमखास यायचा. हे लक्षात येईपर्यंत सगळे जण उष्णतेला दोष देत होते.

ओळखायचं असं: गोठल्यावर डीबगरमधून सगळ्या थ्रेडचे स्टॅक (कोण कुठल्या फंक्शनमध्ये अडकला आहे त्याची यादी) काढा. रांगेचा थ्रेड ‘फ्लश’ किंवा ‘कॅन्सल’च्या आत झोपलेला दिसला की शोध संपला. उपाय म्हणून थ्रेड दोन केले तर बिघाड दुर्मीळ होईल, जाणार नाही. ज्या रांगा ड्रायव्हरने वेगळ्या मागितल्या आहेत त्यांना थरातही खरोखर वेगळे थ्रेड द्या. आणि ज्या रांगेने क्रम मागितला आहे तिचा क्रम मोडू नका.

९. मेमरी आणि डीएमए

एका पानापेक्षा मोठी मेमरी ‘केमॅलॉक’ने मागितली तर लिनक्स ती भौतिक पत्त्यांवर सलग देतो. बीएसडीचं साधं ‘मॅलॉक’ तशी हमी देत नाही. ड्रायव्हरने तिचा पहिला पत्ता उपकरणाला दिला की पहिलं पान बरोबर आणि दुसरं भलत्याच कुणाचं. पॅनिकची जागा दर वेळी बदलण्याचं हे आवडतं कारण. थराची ‘केमॅलॉक’ कशावर बसवली आहे ते उघडून पाहा.

एआरएम६४ वर न चालणाऱ्या ड्रायव्हरांचा दोष बहुधा क्रमात असतो. लिनक्सचं ‘राइटएल’ हमी देतं की आधी मेमरीत लिहिलेलं उपकरणाला आधी दिसेल. बीएसडीच्या ‘बस-स्पेस’ लेखनात ती हमी गृहीत नसते, अडथळा वेगळा घालावा लागतो. एक्स८६ चा क्रम मुळातच कडक असल्याने तिथे ही चूक झाकली जाते.

१०. स्टॅक, आणि विंडोजचे ड्रायव्हर

कंपाइल करता न येणारे, तयार बायनरी स्वरूपातले ड्रायव्हर उसने आणले की आणखी दोन गोष्टी मध्ये येतात. विंडोजचे वायरलेस ड्रायव्हर लिनक्सवर चालवणाऱ्या एनडीआयएस-रॅपरला स्टॅकने (फंक्शनांना लागणाऱ्या तात्पुरत्या मेमरीने) छळलं होतं. ३२-बिट विंडोज कर्नल १२ केबी स्टॅक देतो. लिनक्सचा होता ८ केबी, आणि एका पर्यायात तर ४ केबीच. ड्रायव्हर स्टॅकबाहेर लिहायचा. दुसरी गोष्ट ६४-बिटची: विंडोज पहिली चार आर्ग्युमेंटं रजिस्टरमधून देतो आणि ३२ बाइट जागा राखतो, लिनक्स सहा रजिस्टर वापरतो आणि तीही वेगळ्या क्रमाने. शिवाय ‘लाँग’ विंडोजवर ४ बाइट, लिनक्सवर ८. अशा बायनरी ड्रायव्हरच्या आत शिरून दुरुस्ती करण्याच्या फंदात पडू नका, असंच मी सगळ्यांना सांगतो.

झोपून उठल्यावर हरवणारं उपकरण हा स्वतंत्र विषय आहे. एवढंच पाहा की पीसीआय कॉन्फिगरेशन पुन्हा भरण्याचं काम थर करतो की यजमान, की दोघंही, की कुणीच नाही.

११. सगळं करून झालं तर: कर्नलच पेटीत ठेवा

वेळ संपत आली असेल आणि उपकरण चालायलाच हवं असेल, तर ड्रायव्हर उचलण्याऐवजी त्याचा अख्खा मूळ कर्नल आभासी यंत्रात चालवा आणि उपकरण त्याच्या हाती द्या. लव्हासूर आणि सहकाऱ्यांनी २००४ च्या ओएसडीआय परिषदेत हाच मार्ग मांडला होता. ड्रायव्हरचा कोड न बदलता, आणि तो कोसळला तर बाकीची सिस्टिम शाबूत ठेवून. आज फ्रीबीएसडीवरचं वायफायबॉक्स हेच करतं: बीहाइव्हच्या आभासी यंत्रात छोटं लिनक्स, त्याच्या हातात वायरलेस कार्ड. यासाठी आयओएमएमयू (उपकरणाला ठरलेल्या मेमरीपुरतंच ठेवणारं हार्डवेअर) हवंच. थोडी मेमरी आणि थोडी बॅटरी जाते, पण न पाळलेल्या वचनांचा प्रश्नच उरत नाही, कारण ड्रायव्हर त्याच्या माहेरीच असतो.

कुठे थांबायचं आणि कुणाला बोलवायचं

डेटा साठवणाऱ्या उपकरणाचा ड्रायव्हर असेल आणि एकदाही चुकीचा डेटा परत आला असेल, तर त्याच क्षणी थांबा. त्या डिस्कवर आणखी प्रयोग नकोत. आतला डेटा मोलाचा असेल तर ती जशी आहे तशी डेटा परत मिळवणाऱ्या तज्ज्ञाकडे द्या.

ड्रायव्हर व्होल्टेज, पंखा किंवा चार्जिंग हाताळत असेल आणि थरातली ती फंक्शनं रिकामी असतील, तर ती भरल्याशिवाय यंत्र भाराखाली चालवू नका. हार्डवेअरची माहितीपत्रकं हातात नसतील तर हे काम उत्पादकाच्या अभियंत्यांचं आहे, अंदाजाने आकडे लिहिण्याचं नाही.

मूळ सिस्टिमवरही बिघाड येत असेल तर ड्रायव्हरच्या मूळ देखभाल करणाऱ्यांकडे जा. फक्त तुमच्याकडे येत असेल तर थराच्या देखभाल करणाऱ्यांकडे. उसन्या ड्रायव्हरची तक्रार मूळ लेखकांकडे नेऊ नका. त्यांनी न दिलेल्या वचनाचा जाब त्यांना विचारणं अन्यायाचं आहे.

तयार झालेलं मॉड्यूल दुसऱ्यांना वाटायचं असेल तर परवान्यासाठी वकिलाचा सल्ला घ्या. लिनक्स कर्नल जीपीएल आवृत्ती २ खाली आहे. काही ड्रायव्हर दुहेरी परवान्याचे असतात, ग्राफिक्सचा बराच कोड एमआयटी परवान्याचा आहे, पण हे प्रत्येक फाइलच्या माथ्यावर पाहावं लागतं. तांत्रिक भागावरही याची सावली पडते: लिनक्स ५.० मध्ये फ्लोटिंग पॉइंटसाठीचं एक फंक्शन बाहेरच्या मॉड्यूलांसाठी बंद झालं, जे उरलं ते फक्त जीपीएल मॉड्यूलांना खुलं होतं, आणि झेडएफएसला पर्यायी वाट काढावी लागली.

देखभाल करणाऱ्यांना लिहिताना पहिल्या पायरीवरचा कागद, तिन्ही आवृत्त्या, तीन बूट-प्रयोगांचे निकाल, विटनेसचं पूर्ण म्हणणं आणि गोठल्यावरचे सगळ्या थ्रेडचे स्टॅक एकत्र पाठवा. बिघाड हमखास आणणारी कृती सापडली असेल, केबल काढून लावण्याइतकी साधी का असेना, तर ती पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहा.